यंत्राला सांगितलेले श्रुतलेखन

१. प्रस्तावना

शाळेत गुरुजी एखादा उतारा सावकाश वाचून दाखवीत आणि मुले तो पाटीवर उतरवून घेत. या अभ्यासाला 'श्रुतलेखन' असे म्हणतात. कोर्टकचेरीत आणि कार्यालयांत वरिष्ठ मजकूर सांगत असत व लघुलेखक तो टिपून घेत. ज्याला लिहिता येत नसे तो टपाल कचेरीबाहेर बसलेल्या माणसाकडून पत्र लिहवून घेत असे. एकाने बोलावे आणि दुसऱ्याने लिहावे, ही रीत अशी जुनी आहे. आता हे लिहिण्याचे काम खिशातला मोबाइल फोनही करतो. आपण बोलतो आणि पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटत जातात.

ही सोय सर्वांनाच उपयोगाची आहे. ज्यांची शाळा लवकर सुटली, ज्यांचा हात लिहिण्याला सरावलेला नाही, ज्यांची दृष्टी अधू आहे किंवा ज्यांना जोडाक्षरे शोधत टंकलेखन करणे कठीण जाते, त्यांना तर ती फारच उपयोगाची आहे. मात्र यंत्र पुष्कळदा चुकीचे ऐकते. कधी शब्द बदलतो, कधी गळतो, तर कधी न बोललेला शब्द मध्येच येऊन बसतो. या चुका कशामुळे होतात आणि त्या कमी कशा कराव्यात, याचा विचार या पाठात केला आहे.

२. उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –

- बोललेल्या शब्दाचे अक्षर कसे होते, हे थोडक्यात सांगता येईल;
- फोनवर मराठीतून मजकूर सांगण्यापूर्वी करावयाची तयारी करता येईल;
- मराठीतील कोणत्या ध्वनींजवळ व शब्दांजवळ चुका होतात, हे ओळखता येईल;
- यंत्राने लिहिलेल्या मजकुरातील चुकांचे प्रमाण काढता येईल;
- बोलण्याची भाषा आणि लिहिण्याची भाषा यांतील फरक लक्षात घेऊन मजकूर सुधारता येईल.

३. मूळ पाठ

३.१ एक अर्ज

पुढील प्रसंगाची कल्पना करा. सुरत शहरात राहणारी एक मराठी भाषक स्त्री दिवसभर शिवणकाम करते आणि रात्री दहावीच्या परीक्षेचा अभ्यास करते. तिची शिष्यवृत्तीची रक्कम बँकेच्या खात्यात जमा व्हायची आहे. ती न आल्यामुळे बँकेला अर्ज करावा, असे ती ठरवते. तिला मराठी वाचता येते. परंतु फोनवर एकेक अक्षर शोधून लिहायला फार वेळ लागतो. म्हणून ती फोनवरील ध्वनिग्राहकाच्या चिन्हावर बोट ठेवते आणि बोलू लागते :

*"माझ्या खात्यात शिष्यवृत्तीची रक्कम अद्याप जमा झाली नाही. पासबुकाची प्रत सोबत जोडली आहे. कृपया चौकशी करून लेखी कळवावे, ही विनंती."*

घरात पंखा सुरू असतो, चुलीवर कुकर असतो आणि फोन पलीकडे मेजावर ठेवलेला असतो. पडद्यावर उमटते ते असे :

*"माझ्या खात्यात शिष्यवृत्तीची रक्कम अद्याप जमा झाली पासबुकाची प्रत सोबत सोडली आहे कृपया चौकशी करून ते लेखी कळवावे ही विनंती"*

वरवर पाहता मजकूर जवळजवळ बरोबर वाटतो. बहुतेक शब्द जागच्या जागी आहेत, 'शिष्यवृत्ती'सारखा अवघड शब्दही नेमका उमटला आहे. परंतु 'नाही' हा एक शब्द गळला आणि सगळा अर्थ उलटा झाला. रक्कम मिळालीच नाही, असे सांगणारा अर्ज रक्कम मिळाल्याची कबुली देणारा झाला. असा अर्ज तसाच रवाना झाला, तर त्याखाली नाव अर्जदाराचेच असणार.

या प्रसंगाचा शेवट काय झाला, ते पाठाच्या शेवटी पाहू. तत्पूर्वी हे असे का घडते, ते समजून घेऊ.

३.२ यंत्र कसे ऐकते?

आपण बोलतो तेव्हा हवेत कंप निर्माण होतात. फोनमधील ध्वनिग्राहक, म्हणजे मायक्रोफोन, या कंपांचे विजेच्या संदेशात रूपांतर करतो. या संदेशाचे मोजमाप बहुधा सेकंदाला १६,००० वेळा केले जाते. त्यानंतर सलग आवाजाचे अगदी लहान तुकडे पाडले जातात. एक तुकडा साधारण २५ मिलिसेकंदांचा, म्हणजे एका सेकंदाच्या चाळिसाव्या भागाएवढा असतो. प्रत्येक तुकड्यात कोणत्या उंचीच्या स्वरांचा जोर किती आहे, हे यंत्र पाहते आणि त्यावरून तो ध्वनी कोणता असावा, याचा अंदाज बांधते.

येथे 'अंदाज' हा शब्द महत्त्वाचा आहे. यंत्राला अर्थ कळतो म्हणून ते लिहिते, असे नाही. असंख्य माणसांच्या ध्वनिमुद्रित बोलण्यावरून आणि त्याच बोलण्याच्या लिखित संहितेवरून त्याने सराव केलेला असतो. कोणत्या आवाजापुढे कोणते अक्षर येते आणि कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक असतो, हे त्या सरावातून ते शिकते. 'पिण्याचे' या शब्दानंतर 'पाणी' येणे स्वाभाविक आहे, हे त्याला सरावाने ठाऊक असते. म्हणून 'पाणी' हा शब्द थोडा अस्पष्ट उच्चारला तरी ते बरोबर लिहिते. याउलट एखाद्या खेड्याचे नाव, एखादे आडनाव किंवा एखाद्या धंद्यातील विशेष शब्द सरावात क्वचितच आलेला असेल, तर यंत्र त्याच्याशी मिळताजुळता ओळखीचा शब्द लिहून मोकळे होते.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, आवाज जितका स्वच्छ पोहोचेल तितका अंदाज बरोबर येतो. दुसरी, सुटे शब्द बोलण्यापेक्षा पूर्ण वाक्य बोलले तर यंत्राला मागच्यापुढच्या शब्दांचा आधार मिळतो.

३.३ थोडा इतिहास

बोलणे ओळखणारे यंत्र तयार करण्याचा प्रयत्न नवा नाही. १९५२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 'ऑड्री' नावाचे यंत्र तयार झाले. त्याला केवळ शून्य ते नऊ हे अंक ओळखता येत आणि प्रत्येक अंकानंतर थांबावे लागे. १९६२ मध्ये सिएटल येथील जागतिक प्रदर्शनात आयबीएम कंपनीने 'शूबॉक्स' हे यंत्र मांडले. त्याला सोळा शब्द कळत असत. १९७६ पर्यंत कार्नेगी मेलन विद्यापीठातील 'हार्पी' या प्रणालीने एक हजाराहून अधिक शब्दांपर्यंत मजल मारली. तेथील संशोधनाचे नेतृत्व राज रेड्डी यांनी केले. आंध्र प्रदेशातील एका खेड्यात जन्मलेल्या या शास्त्रज्ञाला पुढे १९९४ साली संगणकशास्त्रातील मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

शब्दाशब्दाला न थांबता सलग बोलून लिहिण्याची सोय सामान्य ग्राहकाला १९९७ च्या सुमारास, तीही इंग्रजीत, मिळू लागली. मराठीला यासाठी आणखी वीस वर्षे वाट पाहावी लागली. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने आपल्या ध्वनिलेखनाच्या सोयीत मराठी, गुजराती, कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम, बंगाली आणि उर्दू या भाषांचा समावेश केला. २०२२ साली भारत सरकारने 'भाषिणी' हा उपक्रम सुरू केला. त्यातील 'भाषादान' या योजनेत सामान्य नागरिक आपल्या भाषेतील वाक्ये वाचून आपला आवाज यंत्रांच्या सरावासाठी देऊ शकतात. विद्यादान, अन्नदान हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. त्यांच्या पंक्तीत हा नवा शब्द येऊन बसला आहे.

३.४ बोलण्यापूर्वीची तयारी

मजकूर सांगायला बसण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

(अ) भाषेची निवड. फोनच्या कळफलकावर मराठी भाषा निवडलेली आहे ना, हे प्रथम पाहावे. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांची लिपी देवनागरी असल्यामुळे येथे फसगत होते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांच्या फोनमध्ये अनेकदा हिंदी निवडलेली असते. अशा वेळी अक्षरे देवनागरीच उमटतात. परंतु यंत्र मराठी शब्दांत हिंदी शब्द शोधत राहते. प्रमाण हिंदीत 'ळ' नाही. त्यामुळे 'वेळ', 'शाळा', 'सकाळ' हे शब्द सारखे बिघडत असतील, तर भाषेची निवड चुकली आहे, असे समजावे.

(आ) ध्वनिग्राहकाची जागा. बहुतेक फोनमध्ये ध्वनिग्राहकाचे बारीक छिद्र खालच्या कडेला, विजेची तार जोडण्याच्या जागेजवळ असते. फोन हातात धरताना करंगळी नेमकी त्यावर येते. कधी फोनच्या कव्हराने ते झाकले जाते, तर कधी त्यात धूळ साचते. ते मोकळे ठेवावे. मात्र त्यात सुई किंवा टाचणी कधीही घालू नये.

(इ) अंतर. फोन तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर, किंचित बाजूला धरावा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाचा दाब निम्मा होतो. म्हणजे ६० सेंटिमीटरवर ठेवलेला फोन १५ सेंटिमीटरवर आणला, तर आपला आवाज त्याच्यापर्यंत चौपट जोराने पोहोचतो आणि पंख्याचा आवाज मात्र तेवढाच राहतो. फोन अगदी ओठांना लावू नये. 'प', 'फ', 'भ' हे वर्ण उच्चारताना तोंडातून हवेचा झोत निघतो आणि ध्वनिग्राहकावर आदळून खरखर उत्पन्न करतो.

(ई) जागा. दूरदर्शन संच, पंखा, मिक्सर, रहदारी यांपासून शक्य तितके दूर बसावे. रिकाम्या, उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो. ज्या खोलीत पडदे, गाद्या, कपडे आहेत तेथे तो कमी घुमतो. एकाच खोलीचे घर असेल तर पहाटेची किंवा रात्रीची शांत वेळ निवडावी.

(उ) इंटरनेट. अनेक फोनमध्ये बोललेला आवाज इंटरनेटमार्फत दूरच्या संगणकाकडे जातो आणि तेथून अक्षरे परत येतात. जोडणी क्षीण असेल तर मधले शब्द गळू शकतात.

पाठगत प्रश्न – १

१. रिकाम्या जागा भरा.
(क) 'ऑड्री' या यंत्राला फक्त ________ ओळखता येत असत.
(ख) आवाजाचे अंतर दुप्पट झाले की त्याचा दाब ________ होतो.
(ग) प्रमाण हिंदीत नसलेला, मराठीतील नित्याचा वर्ण ________ हा आहे.

२. चूक की बरोबर ते लिहा.
(क) यंत्र वाक्याचा अर्थ समजून घेऊन मगच लिहिते.
(ख) फोन ओठांना अगदी लावून बोलल्यास आवाज अधिक स्वच्छ पोहोचतो.
(ग) पूर्ण वाक्य बोलल्यास मागच्यापुढच्या शब्दांचा यंत्राला आधार मिळतो.

३.५ बोलताना घ्यावयाची काळजी

प्रथम काय सांगायचे ते मनाशी ठरवावे. शक्य असल्यास कागदावर मुद्दे लिहून घ्यावेत. बोलता बोलता विचार करू लागले की 'म्हणजे', 'अं', 'ते आपलं' असे शब्द येतात आणि यंत्र त्यांनाही अक्षररूप देण्याचा प्रयत्न करते. शिवाय मध्येच फार वेळ थांबले तर पुष्कळ फोन ऐकणे आपोआप बंद करतात आणि पुढचे वाक्य वाऱ्यावर जाते.

बोलण्याची गती नेहमीच्या संभाषणासारखी असावी. अ-क्ष-रे तोडून, अतिशय सावकाश बोलल्याने लाभ होतो, असा समज आहे. परंतु तो खरा नाही. यंत्राचा सराव माणसांच्या स्वाभाविक बोलण्यावर झालेला असल्याने तोडून बोललेले शब्द त्याला अपरिचित वाटतात. ओरडून बोलण्यानेही हानीच होते. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो आणि त्याबरोबर त्याच्या उच्चाराची ठेवणही बदलते. फ्रान्समधील वैद्य एत्येन लोम्बार यांनी १९११ साली हे निदर्शनास आणले होते. म्हणून आवाज चढवण्यापेक्षा फोन जवळ घेणे किंवा जागा बदलणे हा खरा उपाय होय.

वाक्याचा शेवट सांभाळावा. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकारही बहुधा शेवटीच येतो. 'मिळाली नाही', 'येणार नाही', 'घेऊ नये' या रचना पाहा. वाक्य संपत आले की आपला श्वासही संपत येतो आणि स्वर खाली जातो. म्हणजे वाक्यातील सर्वांत महत्त्वाचा शब्द आपण सर्वांत हळू उच्चारतो. वरील अर्जातील 'नाही' गळण्याचे हे एक संभाव्य कारण आहे. म्हणून वाक्ये आटोपशीर असावीत आणि शेवटचा शब्द पूर्ण उच्चारूनच थांबावे. अत्यंत महत्त्वाची गोष्ट दोन प्रकारे सांगावी, हा आणखी एक उपाय. 'रक्कम जमा झाली नाही. ती मिळणे बाकी आहे', असे म्हटले म्हणजे एक शब्द गळला तरी दुसरे वाक्य खरा अर्थ राखते.

विरामचिन्हांच्या बाबतीत फोनाफोनांत फरक असतो. काहींत 'पूर्णविराम' असे म्हटल्यावर चिन्ह उमटते, तर काहींत तो शब्दच अक्षरशः लिहिला जातो. आपल्या फोनमध्ये काय होते, ते एकदा करून पाहावे. चिन्हे उमटत नसतील तर ती नंतर हाताने घालावीत.

३.६ मराठीची काही अवघड वळणे

मराठीतील अनेक शब्दांत एका ध्वनीने अर्थ बदलतो. 'मन' आणि 'मण', 'वेल' आणि 'वेळ', 'दार' आणि 'धार', 'पळ' आणि 'फळ' या जोड्या उच्चारून पाहा. 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल' यांतील भेद आणि 'ध', 'फ', 'भ' यांतील महाप्राण स्पष्ट उच्चारला तर यंत्राचे काम सोपे होते.

काही जोड्या कानाला जवळजवळ सारख्याच वाटतात. त्यांचा भेद फक्त ऱ्हस्व-दीर्घाचा असतो. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा. 'शिर' म्हणजे मस्तक आणि 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी. येथे यंत्र शेजारच्या शब्दांवरून निवड करते आणि ती चुकू शकते. शुद्धलेखनाचे ज्ञान यंत्रामुळे अनावश्यक झाले, असे म्हणणाऱ्यांनी या जोड्या ध्यानात घ्याव्यात. चूक दिसण्यासाठी बरोबर काय, हे ठाऊक असावे लागते.

मराठीत शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडून लिहितात. 'घरासमोर', 'नियमांनुसार', 'तुझ्यासाठी' असे ते रूप असते. यंत्र कधी 'घरा समोर' असे तोडून लिहिते. ते जोडून घ्यावे.

संख्यांची विशेष काळजी घ्यावी. 'एकोणपन्नास', 'एकोणसाठ', 'एकोणसत्तर' हे शब्द ऐकताना माणसांचीही गल्लत होते. 'दीडशे', 'अडीच हजार', 'पावणेदोन' या मराठी पद्धतीच्या संख्या अंकांत बरोबर उमटतीलच, असे नाही. खातेक्रमांक, दिनांक, रक्कम, औषधाचे प्रमाण आणि व्यक्तींची नावे बोलून न सांगता हातानेच लिहावीत. बँकेचा गुप्त क्रमांक किंवा फोनवर आलेला परवलीचा अंक तर कधीही बोलून सांगू नये. तो शेजारचा माणूसही ऐकतो.

३.७ बोली आणि प्रमाणभाषा

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या ८ कोटी ३० लाखांच्या घरात होती. एवढे लोक एकाच पद्धतीने बोलत नाहीत. वऱ्हाड, खानदेश, कोकण, मराठवाडा येथील बोली वेगळ्या आहेत. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठीवर शेजारच्या भाषांची छाया आहे आणि तंजावरकडची मराठी तर शतकानुशतके तमिळ भाषेच्या सहवासात वाढली आहे.

यंत्राने ज्या प्रकारचे बोलणे अधिक ऐकले, ते त्याला अधिक कळते. पुस्तकी मराठीच्या जवळचे बोलणे त्याला सोपे जाते, तर बोलीतील उच्चार परके वाटतात. त्यामुळे 'आपले बोलणेच अशुद्ध आहे', असे वाटून काही जण फोनशी बोलणे सोडून देतात. ही समजूत चुकीची आहे. यंत्राला एखादी बोली कळत नसेल, तर उणीव त्याच्या सरावातील आहे, बोलणाऱ्याची नव्हे. औपचारिक पत्र सांगताना प्रमाणभाषेचा वापर करावा, कारण ते पत्र वाचणारा माणूस कोणत्याही प्रदेशातील असू शकतो. घरच्या माणसाला निरोप पाठवताना मात्र घरचीच भाषा शोभते.

बोलणे आणि लिहिणे यांतील फरकही ध्यानात ठेवावा. आपण 'केलं', 'गेलं', 'सांगितलं' असे बोलतो. औपचारिक लेखनात 'केले', 'गेले', 'सांगितले' असे लिहितो. यंत्र बोललेले रूप जसेच्या तसे ठेवण्याचा संभव असतो. म्हणून अर्ज सांगताना लेखी रूपेच उच्चारावीत किंवा नंतर ती बदलून घ्यावीत.

३.८ चुकांचे प्रमाण

यंत्राने किती अचूक लिहिले, हे मोजण्याची एक सोपी रीत आहे. बदललेले, गळलेले आणि अधिक आलेले शब्द मोजावेत, त्यांची बेरीज करावी, तिला मूळ मजकुरातील शब्दसंख्येने भागावे आणि १०० ने गुणावे.

वरील अर्जाच्या मजकुरात २० शब्द आहेत. 'जोडली'च्या जागी 'सोडली' आले, हा एक बदललेला शब्द. 'नाही' हा एक गळलेला शब्द. 'ते' हा एक अधिक आलेला शब्द. एकूण चुका ३.

३ ÷ २० × १०० = १५

म्हणजे चुकांचे प्रमाण शेकडा १५ झाले. एकाच उताऱ्याचे श्रुतलेखन पंखा सुरू ठेवून व बंद करून, फोन दूर ठेवून व जवळ घेऊन केले आणि प्रत्येक वेळी हे प्रमाण काढले, तर आपल्या घरात, आपल्या आवाजाला कोणती गोष्ट बाधक ठरते, ते प्रत्येकाला स्वतःच कळते.

परंतु या आकड्याची एक मर्यादाही आहे. तो सर्व चुका सारख्याच मोजतो. 'ते' या जादा शब्दाने काही बिघडले नाही. 'सोडली' या शब्दाने वाचणारा क्षणभर थबकेल. 'नाही' गळल्याने मात्र अर्जाचा हेतूच नष्ट झाला. आकड्यांत तिन्ही चुका सारख्या. अर्थाच्या दृष्टीने मात्र त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हे अंतर वाचणाऱ्या माणसाला जाणवते.

३.९ शेवटची तपासणी

आता सुरतेच्या त्या अर्जाकडे परत येऊ. अर्ज पाठवण्यापूर्वी त्या स्त्रीने तो पडद्यावर एकदा नजरेखालून घातला. तिला चूक दिसली नाही. आपण काय सांगितले, ते तिच्या मनात ताजे होते आणि तेच तिच्या डोळ्यांना दिसत होते. आपण स्वतः लिहिलेले तपासताना सर्वांचेच असे होते.

मग तिने तो मोठ्याने वाचला. जवळच सासूबाई निवडण-टिपण करीत बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हते. त्या ऐकत होत्या. वाचून संपताच त्या म्हणाल्या, "अगं, पैसे जमा झाले म्हणतेस, मग चौकशी कसली करायला सांगतेस?"

सून चपापली. "नाही हो आई, झाले नाहीत असंच सांगितलं होतं मी."

"तू सांगितलं असशील. त्यानं लिहिलं नाही ना!"

तिने 'नाही' हा शब्द हाताने घातला, 'सोडली'चे 'जोडली' केले, जादा 'ते' काढून टाकले, विरामचिन्हे दिली आणि पुन्हा एकदा अर्ज वाचून दाखवला. सासूबाईंनी मान डोलावली, तेव्हाच तो रवाना झाला. अक्षर न ओळखणाऱ्या त्या वृद्ध स्त्रीला भाषा मात्र पुरती येत होती.

यंत्र लेखनिकाचे काम करते. परंतु पत्राखाली सही आपली असते आणि म्हणून त्यातील प्रत्येक शब्दाची जबाबदारीही आपलीच असते. सांगावे, वाचावे, कोणाला तरी ऐकवावे आणि मगच पाठवावे, हा क्रम ज्याने अंगी बाणवला, त्याला या यंत्राचे साहाय्य निर्धास्तपणे घेता येईल.

पाठगत प्रश्न – २

१. 'मन – मण' यासारख्या, एका ध्वनीने अर्थ बदलणाऱ्या दोन जोड्या पाठातून शोधून लिहा.
२. कोणत्या गोष्टी बोलून न सांगता हातानेच लिहाव्यात?
३. मूळ मजकूर ४० शब्दांचा आहे. त्यात २ शब्द बदलले, १ गळला आणि १ अधिक आला. चुकांचे शेकडा प्रमाण काढा.
४. अर्जातील चूक सासूबाईंच्या लक्षात कशामुळे आली?

४. शब्दार्थ

श्रुतलेखन – ऐकून लिहिणे
लघुलेखक – बोललेला मजकूर सांकेतिक खुणांनी जलद टिपून घेणारा
ध्वनिग्राहक – आवाज टिपणारे साधन, मायक्रोफोन
कळफलक – अक्षरांच्या कळांची पाटी
संहिता – मजकुराचा लिखित पाठ
महाप्राण – 'ह'काराची छटा असलेला वर्ण (ख, घ, ध, फ, भ इत्यादी)
बाधक – अडथळा आणणारे
निष्पन्न होणे – सिद्ध होणे, निघणे
चपापणे – एकदम दचकणे, गोंधळणे
अंगी बाणवणे – स्वभावाचा भाग करणे

५. तुम्ही काय शिकलात?

- यंत्र आवाजाच्या लहान तुकड्यांवरून आणि शब्दांच्या संभाव्य क्रमावरून अंदाजाने लिहिते.
- योग्य भाषेची निवड, मोकळा ध्वनिग्राहक, वीतभर अंतर आणि शांत जागा यांमुळे चुका कमी होतात.
- स्वाभाविक गतीने, पूर्ण आणि आटोपशीर वाक्यांत बोलावे. वाक्याच्या शेवटचा नकार स्पष्ट उच्चारावा.
- संख्या, नावे व महत्त्वाचे तपशील हाताने लिहावेत.
- यंत्राला न कळणारी बोली अशुद्ध ठरत नाही.
- मजकूर मोठ्याने वाचून, दुसऱ्याला ऐकवून मगच पाठवावा.

६. पाठान्त प्रश्न

१. पूर्ण वाक्यात बोलणे सुट्या शब्दांपेक्षा उपयुक्त का ठरते, ते सकारण लिहा.
२. 'यंत्रामुळे शुद्धलेखनाचे ज्ञान अनावश्यक झाले', या विधानाविषयी तुमचे मत पाठाच्या आधारे मांडा.
३. 'आकड्यांत तिन्ही चुका सारख्या. अर्थाच्या दृष्टीने मात्र त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.' या वाक्याचे स्पष्टीकरण करा.
४. पुढील वाक्ये औपचारिक लेखनाच्या रूपात लिहा :
(क) मी काल अर्ज दिलाय पण अजून काही कळलं नाही.
(ख) त्यांनी सांगितलं की कागद घरा समोर ठेवलेत.

७. उपक्रम

या पाठातील कोणताही ५० शब्दांचा उतारा निवडा. तो फोनला दोनदा सांगा : एकदा फोन हातभर दूर ठेवून आणि एकदा वीतभर अंतरावर धरून. दोन्ही वेळच्या चुकांचे प्रमाण काढा. त्यानंतर घरातील वयाने मोठ्या व्यक्तीला तोच उतारा सांगायला द्या. कोणते शब्द कोणाच्या तोंडून चुकीचे उमटले, त्यांची यादी करा आणि कारणांची चर्चा करा.

८. पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १
१. (क) शून्य ते नऊ हे अंक (ख) निम्मा (ग) ळ
२. (क) चूक (ख) चूक (ग) बरोबर

प्रश्न – २
१. वेल – वेळ, दार – धार, पळ – फळ (यांपैकी कोणत्याही दोन)
२. खातेक्रमांक, दिनांक, रक्कम, औषधाचे प्रमाण आणि व्यक्तींची नावे
३. एकूण चुका ४; ४ ÷ ४० × १०० = १०, म्हणजे शेकडा १०
४. रक्कम जमा झाली असेल तर चौकशीची विनंती करण्याचे कारण उरत नाही, ही विसंगती त्यांना ऐकताना जाणवली.